शंभर टक्के कशाचे?

उज्जैनच्या माधव नगरात आमच्या गल्लीत मला 'कम्प्युटरवाल्या काकू' म्हणतात. निम्मे लोक बिघडलेला लॅपटॉप घेऊन येतात आणि मला तो दुरुस्त करता येत नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. नोकरीत मी नेमकं काय करत होते, हे समजावून सांगणं मी फार वर्षांपूर्वी सोडून दिलं. शेजारच्या शर्माभाभींनी एकदा सरळ विचारलं, "भाभी, आप बनाती क्या थीं?"

मी म्हटलं, "कुछ नहीं. दूसरों का बनाया देखती थी, कि ग़लती कहाँ है."

"अच्छा, सास वाला काम," त्या म्हणाल्या.

माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

धंदा चिपच्या डिझाइनचा. मोबाईल, गाडी, वजनकाटा, कुठल्याही यंत्राच्या पोटात नखाएवढा एक काळा तुकडा असतो, तो म्हणजे चिप. तिच्यात लाखो बारीक स्विच असतात. ते कसे जोडायचे हे आधी संगणकावर लिहून काढतात, ते डिझाइन. मग ते परदेशातल्या कारखान्याला, म्हणजे फाउंड्रीला पाठवतात आणि काही महिन्यांनी खरी चिप हातात येते. मोबाईलच्या ॲपमध्ये चूक निघाली तर सुधारलेलं ॲप पाठवता येतं. चिप एकदा घडली की घडली, तिच्यात खोडरबर चालत नाही. म्हणून फाउंड्रीला डिझाइन पाठवण्याला आम्ही ऑफिसात 'पाठवणी' म्हणायचो. अक्षता पडल्यावर 'जरा थांबा, एक राहिलंय' म्हणायची सोय नसते. माझं काम पाठवणीच्या आधी दोष शोधायचं. माझी सही झाल्याशिवाय पाठवणी होत नाही, असा ऑफिसचा नियम होता.

बंगलोरला बरीच वर्षं काढून मी उज्जैनला परतले ती सासऱ्यांच्या आजारपणामुळे. इथे आपल्या कामाचं काही मिळेल ही आशा नव्हती. पण माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र श्रीकांत मुजुमदार परदेशातून परत आला होता. टावर चौकाजवळ चष्म्याच्या दुकानावर त्यानं दोन खोल्या घेतल्या, इंदूर-उज्जैनची चार हुशार पोरंपोरी जमवली आणि मला म्हणाला, "ताई, घरी बसून काय करता? या." घरमालक रोज वर येऊन विचारायचा, "मशीनें कब आएँगी?" मशीन येणार नाही, आम्ही फक्त डिझाइन करतो, हे त्याला पटेना. पडदे ओढून दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी माणसं पाहून आम्ही सट्टा चालवतो असं त्याला बरेच दिवस वाटत होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. चिप चांगली आहे हे ठरवायचं कशावरून? आंबा वास घेऊन कळतो, कापड चिमटीत धरून कळतं. चिपचं तसं नाही. ती अजून जन्मलेलीच नसते. आम्ही तिला संगणकातल्या संगणकात चालवून पाहतो. तिच्यावर काय काय प्रसंग येऊ शकतील ते आधी ठरवतो. बटण दाबलं, बॅटरी उतरली, मोटर अडकली. एकेक प्रसंग घडवून ती बरोबर वागते का ते बघतो. ठरवलेल्यापैकी किती प्रसंग तपासून झाले त्याचे टक्के काढतो. त्याला म्हणायचं कव्हरेज. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठी स्क्रीन होती, तिच्यावर हे टक्के चढत जायचे आणि शंभर झाले की ती हिरवी व्हायची. श्रीकांतला त्या हिरव्या रंगाचा फार सोस. एका ग्राहकानं तर 'शंभर टक्के' असं छापलेलं सर्टिफिकेट मागितलं. श्रीकांतनं दिलं, ग्राहकानं ते फ्रेम करून लावलं. मी त्यावर सही केली नव्हती, पण फ्रेममध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच असायचं, की शंभर टक्के कशाचे? आपल्याला सुचलेल्या प्रसंगांचे. न सुचलेल्यांचे टक्के कोण काढणार? पोरं हसायची. श्रीकांत म्हणायचा, "ताई, फिलॉसफी नको."

डॉक्टर सबनीस आमच्याकडे आले ते या वातावरणात. ते नाशिकचे, व्यवसायानं भूलतज्ज्ञ. प्रॅक्टिस सोडून त्यांनी सिरिंज पंप बनवायचा छोटा कारखाना काढला होता. अतिदक्षता विभागात पेशंटच्या उशाशी हा पंप असतो. त्यात औषध भरलेली सिरिंज आडवी बसवतात आणि एक मोटर तिचा दट्ट्या केसाकेसानं पुढे ढकलते. रक्तदाबाचं औषध, भुलीचं औषध यातून जातं. ते कमी गेलं तरी पंचाईत, जास्त गेलं तर फारच. त्यांना या पंपासाठी आपल्याकडेच डिझाइन झालेली चिप हवी होती.

पहिल्या बैठकीत श्रीकांतनं त्यांना भिंतीवरची स्क्रीन दाखवली आणि शंभर टक्क्यांची ग्वाही दिली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मला हे टक्के कळत नाहीत. ही चिप कधी चुकेल ते सांगा."

"तेच शोधण्यात आम्हाला दिक्कत असते," मी म्हटलं.

"दिक्कत नाही, अडचण," ते म्हणाले. "मराठीत हिंदी फार घालता तुम्ही लोक."

मला हा माणूस आवडला. श्रीकांतला आवडला नाही.

डिझाइनचा सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे थांबवायच्या बटणापासून मोटरपर्यंतचा, राहुल तिवारीकडे होता. तिवारी इथलाच, बोलणं हिंदी, पण मराठी घरांच्या शेजारात वाढल्यामुळे मराठी सगळं समजायचं. तल्लख, आणि आपल्या कामाचा अभिमान नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या डिझाइनमध्ये मी चूक काढली की तो मला नमस्कार करायचा, पण दिवसभर बोलायचा नाही.

पाठवणीचा आठवडा उजाडला तेव्हा स्क्रीन हिरवीगार होती. पण आम्ही एक वेगळीही तपासणी करत असू. न सुचलेले प्रसंग बाहेर यावेत म्हणून संगणकालाच मोकळं सोडायचं, की वेड्यासारखा वाग. हवी तशी बटणं दाब, हवी तेव्हा लाईट घालव, पुन्हा आण. अशा हजारो फेऱ्या आपल्या आपण चालत. सोमवारी सकाळी मी निकाल पाहिले. सगळे हिरवे आणि मध्ये एकच लाल. त्या एका फेरीत पंपाची स्क्रीन 'थांबले' म्हणत होती आणि मोटर चालू होती.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. स्क्रीनवर 'थांबले' वाचून नर्स पाठ फिरवेल आणि औषध आत जातच राहील.

तिवारीला बोलावलं. त्यानं तीच फेरी पुन्हा चालवली. हिरवी आली.

"मैडम, पास है," तो म्हणाला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. लाल निकाल शनिवारच्या डिझाइनवरचा होता. त्यानंतर तिवारीनं दिव्यांच्या भागात एक किरकोळ बदल केला होता. जुनं डिझाइन काढून चालवलं की लाल, नवं चालवलं की हिरवं.

"पुराना अब है ही कहाँ?" तिवारी म्हणाला. "भेजना तो नया है."

"तुमने ये ग़लती ठीक की?"

"उस हिस्से को तो मैंने छुआ भी नहीं."

"फिर ठीक कैसे हुई?"

त्यानं खांदे उडवले. मग म्हणाला, "हो गई, मैडम."

कुणी औषध दिलं नाही आणि रोग गेला, असं कुणी सांगितलं तर शहाणा वैद्य सुटकेचा श्वास सोडत नाही. रोग लपला कुठे, ते शोधतो. मी श्रीकांतला सांगितलं, की याचं कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही.

श्रीकांतची बाजूही सांगायला हवी. आमच्यासारख्या लहान कंपनीसाठी फाउंड्री स्वतंत्र घाणा लावत नाही. पुष्कळ कंपन्यांची डिझाइनं एकाच चकतीवर शेजारी शेजारी घेऊन एकदमच घडवते, एका बसमध्ये सगळ्यांनी जागा धरावी तशी. पण ही बस आमच्या देवास गेट स्टँडवरची नव्हे, की सुटली तर पुढच्या चौकात धावत जाऊन पकडावी. ती चुकली की पुढची काही महिन्यांनी. ही बस शुक्रवारी सुटणार होती. श्रीकांतनं या एका चिपवर सगळं लावलं होतं. ही वेळेवर गेली नाही तर ऑफिस टिकवणं कठीण, हे मला ठाऊक होतं, पोरांनाही ठाऊक होतं.

"ताई, स्क्रीन हिरवी आहे," तो म्हणाला.

"एक लाल होता."

"होता ना. आता नाही."

"का नाही, ते मला सांग. लगेच सही करते."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली टावर चौकातली गर्दी, ई-रिक्षांचे हॉर्न. "गुरुवार संध्याकाळपर्यंत शोधा," तो वळून न बघता म्हणाला. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

मंगळवारभर तिवारी माझ्याशेजारी बसलाच नाही. आपल्या डिझाइनवर घेतलेला संशय त्याला स्वतःवर घेतल्यासारखा लागला होता. बुधवारी आला, न बोलता खुर्ची ओढून बसला. चिपच्या आत कुठला संकेत केव्हा चढला, केव्हा उतरला याच्या रेघा स्क्रीनवर दिसतात, कार्डिओग्रामसारख्या. अशा शेकडो रेघांमधून आम्ही दोघं मागे मागे सरकत होतो. ऑफिसात एरवी चेष्टा चालायच्या, त्या दोन दिवसांत कुणी खुर्ची सरकवली तरी दचकायला व्हायचं. पोरं पाण्याला उठायची तर आमच्या मागून पाय न वाजवता जायची.

गुरुवारी दुपारी आम्हाला एवढं दिसलं, की त्या फेरीत संगणकानं लाईट एका क्षणात अनेकदा घालवली आणि आणली होती आणि त्याच गडबडीत थांबवायचं बटण दाबलं होतं. तिवारी खुर्चीतच मागे रेलला.

"इतनी जल्दी-जल्दी लाइट किसके यहाँ आती-जाती है, मैडम? ये टेस्ट ही ग़लत है."

श्रीकांत मागेच उभा होता. "बस, सापडलं मग. जे घडूच शकत नाही ते तुमच्या टेस्टनं घडवलं. सोडून द्या, ताई."

खरं सांगायचं तर माझ्याकडे पुरावा नव्हता. होती ती नुसती धास्ती. लाईट खरंच अशी जाते का? मला माहीत नव्हतं. पण बटण आणि मोटर यांच्यामध्ये तो निरोप हरवला कुठे, हेही कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही करत सही," मी म्हटलं.

श्रीकांतनं आवाज चढवला नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "तुमची धास्ती मी फाउंड्रीला काय म्हणून कळवू? सगळ्या पोरांना घरी पाठवू का?" एक मुलगी मान खाली घालून टाइप करत असल्याचं सोंग करत होती. मी पिशवी उचलली आणि जिना उतरले.

टावर चौकातून घरापर्यंत मी चालत गेले. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं आणि सही करून टाकावी. इतकी वर्षं मी चुका शोधल्या. एखादे वेळी चूक नसतानाही मला चूक दिसू शकते. म्हातारपणी माणसाला प्रत्येक सावलीत चोर दिसतो, तशातला प्रकार नसेल कशावरून? घरी ह्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पोळ्या लाटायला घेतल्या. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते हे काम माझ्याहून चांगलं करतात.

शुक्रवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर फाटकाशी तिवारीची स्कूटर थांबली. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले. ओट्यावर बसला. चहा विचारला तर नको म्हणाला. हे आतून कप घेऊनच आले. "तिवारीजी, पहले चाय. दुनिया बाद में," म्हणाले. तिवारीनं कप हातात धरला, प्यायला नाही.

"मैडम, छेद वहीं है," तो म्हणाला. "बस सरक गया है."

मग त्यानं ओट्याच्या धुळीत बोटानं दोन रेघा काढून मला समजावलं. चिपमध्ये सगळी कामं एका ठोक्यावर चालतात, कवायतीत असतं तसं. वीज असते तेव्हा एक ठोका, बॅटरीवर गेलं की दुसरा. पहिला बंद पडून दुसरा सुरू होईपर्यंत एक बारीकशी फट राहते. बटणाकडचा भाग मोटरकडच्या भागाला 'थांब' असा निरोप देतो आणि दिला म्हणून स्वतःकडचा पुसून टाकतो. नेमका त्या फटीत निरोप दिला तर घेणारा जागाच नसतो. देणारा समजतो, पोचला. म्हणून स्क्रीनवर 'थांबले'. मोटरला मात्र काही कळलेलंच नसतं. दिव्यांच्या त्या किरकोळ बदलानं सगळंच किंचित मागेपुढे झालं, म्हणून सोमवारची फेरी फटीत न पडता शेजारून निघून गेली. एवढंच.

"मेरा ही बनाया हुआ है," तो म्हणाला. "कल आप गईं, तब से यही दिमाग़ में घूम रहा था. सुबह नहाते-नहाते दिख गया."

"सर को बताया?"

"पहले आपके पास आया."

त्याचे डोळे भरले होते. हा मुलगा गप्प राहिला असता तर मला कधीच काही सिद्ध करता आलं नसतं. एवढी वर्षं मी ज्याला गुणवत्ता म्हणत आले, ती त्या सकाळी ओट्यावर बसली होती आणि चहा निवत होता. पण असलं काही तोंडावर बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, "चलो. चाय पी लो, फिर चलते हैं."

ऑफिसात श्रीकांतनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "एक मार्ग आहे. चिप अशीच पाठवू. डॉक्टरांच्या पंपाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करता येईल. थांबवल्यावर सॉफ्टवेअरनं चिपला पुन्हा विचारायचं, मोटर थांबली का म्हणून."

हा मार्ग अप्रामाणिक नव्हता. आमच्या धंद्यात असं चालतं, मीही चालवलेलं आहे. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू."

व्हिडिओ कॉल लावला. श्रीकांतनं सुरुवात केली, "डॉक्टर, एक छोटंसं लिमिटेशन सापडलंय."

मी मध्ये पडले. मालकाला ग्राहकासमोर तोडू नये हे मला कळतं, पण मी पडले. "डॉक्टर, ही चिप कधी चुकते ते सापडलं," म्हणून सगळं सांगितलं. तिवारीनं फट केवढी ते सांगितलं. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या भागाहूनही लहान.

"म्हणजे कोटीत एकदा," श्रीकांत म्हणाला. "लाईट नेमकी त्याच क्षणी जायला हवी."

डॉक्टरांनी मान हलवली.

"तुम्ही लाईट जाणं आणि बटण दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात," ते म्हणाले. "वॉर्डात ती एकच गोष्ट आहे. लाईट गेली की सगळे पंप एकदम कोकलतात. कोकलला की नर्सचा हात बटणावर जातो, आधी थांबवून बघायला. आणि लाईट एकदम जात नाही हो. जनरेटर धरेपर्यंत फडफडते. येते, जाते, येते, जाते. तुमची फट तेवढ्या वेळा उघडते, आणि त्या सगळ्या वेळात कुणाचं तरी बोट बटणावर असतंच."

तिवारीनं मान खाली घातली. ज्या टेस्टला तो आदल्या दुपारी चुकीची म्हणाला होता, तीच वॉर्डातली रोजची गोष्ट निघाली.

श्रीकांतनं सॉफ्टवेअरचा मार्ग सांगून पाहिला. डॉक्टरांनी विचारलं, "सॉफ्टवेअर मोटरची खबर विचारणार कुणाला? चिपलाच ना? आणि चिप तर 'थांबले' म्हणतेय."

दुपारी बस आमच्याशिवाय गेली.

पुढचे महिने वाईट गेले. एक खोली सोडावी लागली. दोघं जण इंदूरला दुसरीकडे लागले, त्यांत ती टाइप करण्याचं सोंग करणारी मुलगीही होती. जाताना माझ्या पाया पडली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. तिवारीनं दुरुस्ती केली: घेणारा 'मिळालं' म्हणत नाही तोवर देणाऱ्यानं निरोप सोडायचाच नाही. ऐकायला सोपं, पण तेवढ्यासाठी त्याला तो सगळा भाग उकलून पुन्हा विणावा लागला. मी प्रसंगांची आखणीच बदलली. नुसतं 'लाईट गेली' आणि 'बटण दाबलं' असं सुटं सुटं न ठेवता, एक घडत असताना दुसरं घडलं तर काय, अशा जोड्या घातल्या. जोड्या घातल्याबरोबर भिंतीवरचे शंभर टक्के धाडकन निम्म्याखाली आले. चिप सुधारली आणि त्याच आठवड्यात तिचे मार्क पडले. श्रीकांतनं त्या लाल स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. कामापलीकडे तो माझ्याशी बोलेनासा झाला होता. भाऊबीजेला तो दरवर्षी माझ्या भावाबरोबर घरी यायचा, त्या वर्षी आला नाही.

चिप पुढच्या बसनं गेली आणि परत आली. सबनीस डॉक्टर स्वतः नाशिकहून पंप घेऊन आले. उरलेल्या एका खोलीत टेबलावर पंप ठेवला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, नळीचं टोक काचेच्या पेल्यात सोडलं. डॉक्टर बटणापाशी बसले, श्रीकांत विजेच्या स्विचपाशी. श्रीकांतनं स्विच खाली-वर, खाली-वर करायचा आणि डॉक्टरांनी त्यातच बटण दाबायचं. पहिल्या वेळी मी पेल्याकडे पाहिलं नाही, तिवारीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. पाण्याचा थेंब नळीच्या टोकाशी फुगला, लोंबला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

दुपारभर हेच चाललं. हातानं करून झाल्यावर ते काम एका यंत्राला लावून दिलं, ते न थकता करत राहिलं. मोटर दर वेळी थांबली. एक दोष मात्र निघाला: बॅटरी उतरली की लाल दिवा लागायला हवा, तो हिरवा लागत होता. तपासणीत तो सुटला कारण मुळात चिपनं काय करायचं ते लिहिलेल्या कागदावरच उलटं लिहिलं गेलं होतं आणि आम्ही कागदाबरहुकूम शंभर टक्के तपासलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हा चालेल. दिव्याच्या तारा मी बाहेरून बदलून घेईन." मग प्रथमच हसले.

ते गेल्यावर तिवारी पेढे आणायला खाली उतरला. श्रीकांत आणि मी दोघंच राहिलो. श्रीकांत अजून स्विचपाशीच होता आणि तो खाली-वर करत होता.

"श्रीकांत, झालं आता," मी म्हटलं.

"ताई, त्या शुक्रवारी मी पाठवली होती," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"तुमच्या सहीचा नियम आपल्या ऑफिसचा होता. फाउंड्रीच्या साइटवर दोघांचं 'होय' लागायचं, माझं आणि तिवारीचं. सकाळी आल्या आल्या मी माझं देऊन टाकलं. मग तिवारीला फोन लावत बसलो. त्यानं उचलला असता तर सांगणार होतो, तूही हो म्हण, पुढचं मी निस्तरतो. आणि त्यानं म्हटलं असतं, ताई. मी सांगितलं की तो ऐकायचा."

"मग?"

"तो फोन घरीच विसरून तुमच्याकडे आला होता."

खाली चौकात गाड्यांचे हॉर्न चालू होते. मी खुर्चीवर बसले. इतके महिने मी समजत होते की आपण अडवलं म्हणून ती चिप अडली. त्या गुरुवारी मी ताठ मानेनं जिना उतरले होते, आणि माझ्या सहीला तिथे काडीची किंमत नव्हती. सगळं एका विसरलेल्या फोनवर तरलं होतं. मला राग यायला हवा होता. आला तो फार उशिरा, दोन-चार दिवसांनी, आणि तोही श्रीकांतपेक्षा स्वतःच्या रुबाबाचाच जास्त.

"पुढच्या पाठवणीच्या आधी त्या साइटवर माझं नाव घालून घे," मी म्हटलं. "तिघांचं 'होय' लागलं पाहिजे."

श्रीकांतनं स्विच सोडला.

"घातलंय, ताई. त्याच शुक्रवारी, संध्याकाळी फाउंड्रीला कळवून. चालू चिपची नावं बदलत नाहीत म्हणाले, पुढच्या चिपपासून तुमचं 'होय' लागेल. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."